ती येते म्हणाली

‘वहिनी, तुम्ही मधे चाला,’ यामिनी म्हणाली. ‘पुढे मी, मागे निऱ्या. म्हणजे तुम्हाला भीती नाही.’

वेल्समधल्या पेन-इ-पासच्या गाडीतळावर आम्ही सॅक पाठीला लावत होतो. सप्टेंबर होता, ऊन होतं. वर क्रीब गोखची धार इतकी स्पष्ट दिसत होती की तिच्यावरची माणसंसुद्धा दिसत होती, कणसावर मुंग्या चढाव्यात तशी.

मी निरंजनकडे पाहिलं. डोंगरात मधे कोणाला घालतात हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ज्याचा भरवसा नाही त्याला. या धारेवर निरंजनला पहिल्यांदा मी आणलं होतं, आणि तेव्हा मधे तो होता. मला वाटलं, आता तो म्हणेल, अगं, हिलाच पुढे जाऊ दे, हिला ही वाट पाठ आहे.

‘चालेल,’ निरंजन म्हणाला.

‘मला तू म्हण,’ मी यामिनीला म्हटलं. ‘आणि शलाका म्हण. आपण एकाच वयाच्या आहोत.’

‘छे. निऱ्या आमच्या ग्रुपचा. त्याची बायको ती वहिनीच.’

निऱ्या. साडीला असतात त्या. मी माझ्या नवऱ्याला कधी निरू म्हटलं नाही, अहो म्हटलं नाही, लग्नापासून पूर्ण नावाने हाक मारत आले. आणि ही बाई त्याला साडीच्या निऱ्या करून कमरेला खोचून मोकळी होत होती. आणि तो हसत होता.

•

मागचं थोडं सांगते. एकदाच. म्हणजे पुढे धारेवर थांबायला नको.

लग्न होऊन मी इंग्लंडमध्ये चेस्टरला आले तेव्हा डोंगर निरंजनचे होते, माझे नव्हते. मी अकोल्याची. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. निरंजनकडे नाशिकच्या गोष्टी होत्या. अलंग, मदन, कुलंग, साल्हेर. प्रत्येक गोष्टीत कोणीतरी अडकायचं, दोर अपुरा पडायचा, पाणी संपायचं, आणि प्रत्येक गोष्टीत एक वाक्य यायचं: ‘मग यामिनी म्हणाली, मी बघते पुढे.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याच्या आधी मीच मनात म्हणून टाकायचे.

एकदा विचारलं होतं. ‘तुझं आणि तिचं काही होतं का?’

‘छे गं. मित्र आम्ही.’

मग मी परत विचारलं नाही. चढायला लागले.

हॉस्पिटलमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते. तिथल्या बायकांचा एक गट शनिवारी डोंगरात जायचा, त्यांच्यात घुसले. ट्रायफन, शार्प एज, स्ट्रायडिंग एज, सगळ्या अशाच धारा. पहिले काही महिने उतरताना माझे गुडघे थरथरायचे, ते मी थंडीवर ढकललं. पुढे भीती गेली नाही पण तिची सवय झाली, आणि मग मी निरंजनला नेऊ लागले. सह्याद्रीत कडा चढून वर गेलं की पठार असतं, बसता येतं. इथे वर गेलं की धार असते, आणि सगळं तिच्यावरूनच चालायचं. हे त्याला नवं होतं. तो माझ्यामागे यायचा, मी ठेवलेल्या पायावर पाय ठेवायचा.

काही वर्षांनी आमच्याकडे जेवायला लोक आले की तो म्हणायला लागला, ‘मग शलाका म्हणाली...’ ते वाक्य सुरू झालं की मी मुद्दाम पोळ्या आणायला आत जायचे. आतून ते जास्त चांगलं ऐकू यायचं.

आणि मग यामिनीचा फोन आला. ऑफिसच्या कामाने लिव्हरपूलला येतेय, एक दिवस मोकळा आहे.

‘तिला क्रीब गोख दाखवू,’ निरंजन म्हणाला. मला विचारलं नाही. सांगितलं.

•

क्रीब गोख म्हणजे वेल्श भाषेत लाल तुरा. कोंबड्याचा असतो तसा, स्नोडन शिखराच्या शेजारी उभा राहिलेला. चालायची पद्धत अशी: धारेचा माथा कठड्यासारखा हातांनी धरायचा आणि पाय डाव्या अंगाच्या खाचांत ठेवत सरकायचं.

डावीकडे उतार. तिरपा, दगडी, लांब. खाली तळं.

उजवीकडे काहीच नाही. दगड संपतो आणि हवा सुरू होते.

यामिनी हात न लावता माथ्यावरून चालायला लागली. सरळ उभी, अंगणातून चालल्यासारखी. वारा अजून नव्हता, त्यामुळे तिला कोणी काही म्हणू शकत नव्हतं. मी हात लावून चालले, कारण तसंच चालायचं असतं. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर निरंजनसुद्धा उभा चालत होता. माझ्याबरोबर इतक्या वेळा आला, पण माथ्यावरचा हात त्याने कधी काढला नव्हता.

मी मधे. माझ्या डोक्यावरून त्यांचं बोलणं इकडून तिकडे जात होतं.

डावीकडे, म्हणजे कानाला:

‘निऱ्या, अलंगची ती पायरी आठवते का रे?’

‘तू चप्पल घालून चढलीस ती?’

‘फ्लोटर्स होते ते. चप्पल काय म्हणतोस.’

‘पट्टा तुटला होता. सुतळीनं बांधला होता मी.’

‘तूच बांधलास आणि तूच वर फोटोत सगळ्यांना दाखवलास, मेल्या.’

उजवीकडे, म्हणजे माझ्या आत:

सुतळीची गोष्ट त्याने मला कधी सांगितली नव्हती. इतक्या गोष्टी सांगितल्या, हीच का गाळली? पाय हातात घेतल्याशिवाय चपलेला सुतळी बांधता येते का?

डावीकडे:

‘वहिनी, दमलात का? थांबायचं?’

‘नाही.’

‘तिला सवय आहे,’ निरंजन म्हणाला.

उजवीकडे:

सवय आहे. कुत्र्याला घोंगडीची असते तशी.

डावीकडे:

‘हा समोरचा दगड बघ,’ निरंजन तिला म्हणाला. ‘याला मी घोडा म्हणतो. पाय दोन्हीकडे टाकून बसायचं आणि सरकायचं.’

यामिनी घोड्यावर बसली आणि टाच मारल्यासारखं केलं. दोघं हसली.

उजवीकडे:

घोडा हे नाव मी ठेवलं होतं. तो पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्याला उभं राहवेना, म्हणून मी म्हटलं होतं, घोडा समज आणि बस. ते नाव मी त्याला जपून वापरायला दिलं होतं. त्याने ते तिला भेट देऊन टाकलं, आणि वर स्वतःचं म्हणून.

•

धार संपली की सुळके लागतात. एकामागे एक उभे, शेवटचा सगळ्यात उंच. त्याच्या पलीकडे खिंड, आणि खिंडीपासून पुढे वाट रुंद होते. शेवटच्या सुळक्याला वळसा घालताना एक जागा अशी आहे की एक पाऊल उघड्यावर टाकावं लागतं. पकड चांगली आहे पण दिसत नाही, चाचपावी लागते.

तिथे पोचेपर्यंत ढग आला. इथले ढग वरून येत नाहीत, खालून येतात. दरी भरत भरत वर येते, आणि माणूस बघत राहतो तोवर त्याचे स्वतःचे बूट दिसेनासे होतात.

यामिनीने घड्याळ पाहिलं. कॉलेजातली तिची एक मैत्रीण कार्नार्व्हनला राहत होती, तिच्याकडे ती रात्री मुक्कामाला जाणार होती. ते आमच्या घराच्या उलट्या दिशेला, म्हणून पेन-इ-पासहून संध्याकाळची बस. सकाळपासून तिने या बसचा विषय बऱ्याचदा काढला होता.

‘मी बघते पुढे,’ यामिनी म्हणाली.

तेच वाक्य. माझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं राहून आता ते इथेही आलं होतं.

‘वाट मला माहीत आहे,’ मी म्हटलं.

‘असू दे हो वहिनी, किती पुढे पुढे करायचं.’ तिने केस टोपीत कोंबले. ‘चला, येते मी.’

आणि ती सुळक्यामागे गेली. तिची लाल सॅक थोडा वेळ दिसली, मग नुसती लाली दिसली, मग ढग.

•

आम्ही दोघं दगडाच्या आडोशाला उभे राहिलो. वारा सुटला. काही वेळाने मी म्हटलं, ‘चल, जाऊ या.’

‘थांब. ती येते म्हणालीये,’ निरंजन म्हणाला.

‘येते म्हणजे निघते. तिला बस पकडायचीय.’

‘येते म्हणजे येते.’

‘निरंजन, आपल्यात कोणी जाते म्हणतं का? माझी आई कोपऱ्यावर भाजीला निघाली तरी देवाला येते म्हणून सांगते. मामा आयसीयूत होते तेव्हा सगळे त्यांना येतो म्हणून बाहेर पडले. कोण परत गेलं?’

‘ती तशी नाही म्हणाली.’

‘मग कशी म्हणाली?’

‘मला कळतं ती कशी म्हणते ते.’

वेल्समधल्या एका दगडाला पाठ लावून मी उभी होते आणि माझा नवरा मला सांगत होता की एका बाईच्या ‘येते’मधला काना-मात्रा त्याला ओळखू येतो. माझ्या ‘येते’चं काय? मी रोज सकाळी दारातून म्हणते. तेव्हा हा चहाच्या कपातून मान वर काढत नाही.

‘यामिनी,’ त्याने हाक मारली. ढगाने ती गिळली.

‘पलीकडे खिंडीत गेली असेल ती,’ मी म्हटलं. ‘किंवा उतरायलाही लागली असेल.’

‘आणि परत येत असेल तर? आपण एका अंगाने जाऊ, ती दुसऱ्या अंगाने येईल. ढगात चुकामूक होईल, शलाका.’

हेही खरं होतं. त्याचं म्हणणं खरं होतं याचाच मला जास्त राग येत होता.

अजून थांबलो. त्याने हातमोजे आणले नव्हते. हात काखेत घालून तो उभा होता आणि दर थोड्या वेळाने एक हात काढून दगडावर ठेवत होता, म्हणजे वाकून पलीकडे बघता यावं. मी माझे मोजे पुढे केले. ‘नको, येईलच ती एवढ्यात,’ तो म्हणाला.

‘निरंजन, आपण गारठतोय. कोणासाठी?’

तो दगडाकडे बघत म्हणाला, ‘मागच्या वेळी मी थांबलो नाही.’

‘मागच्या वेळी म्हणजे?’

‘नाशिकला. स्टँडवर.’

मग त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते, सगळं मिळून चार-पाच वाक्यांत. यामिनीला हैदराबादला नोकरी लागली होती. स्टँडवर तिला पोचवायला हा एकटाच गेला होता. बस लागल्यावर त्याने विचारलं, लग्न करू या का? ती म्हणाली, बघू. मग पायरीवर चढून म्हणाली, येते मी. बस गेली.

‘मी ते तुझ्यासारखंच ऐकलं,’ निरंजन म्हणाला. ‘येते म्हणजे गेली. घरी जाऊन आईला म्हटलं, बघ तुला हवं ते स्थळ.’

तुला हवं ते स्थळ. म्हणजे अकोला. म्हणजे मी.

‘आणि?’

‘आपला साखरपुडा झाला, त्याच आठवड्यात ती घरी आली. मी म्हटलं, मला वाटलं तू गेलीस. तर म्हणाली, येते म्हटलं होतं ना.’

वारा थोडा पडला. खालून कुठूनतरी मेंढीचं ओरडणं आलं. माझं लग्न, चेस्टरचं घर, परसातली दोरी, तिच्यावरचे त्याचे शर्ट, सगळं एका क्रियापदावर उभं होतं. आणि ते त्याने चुकीचं ऐकलं होतं.

‘म्हणून आता थांबायचं,’ मी म्हटलं.

त्याने परत वाकून पलीकडे पाहिलं.

‘मग थांब. इथून हलू नको. मी बघते पुढे.’

वाक्य कोणाचं ते तोंडातून गेल्यावर कळलं.

•

डावा हात. खाच.

उजवा पाय. ओला. परत. ठीक.

गाल दगडाला. दगडाला लोखंडासारखा वास.

उघड्यावरचं पाऊल. खाली ढग असला की खाली काही नसतं, म्हणून सोपं जाईल असं वाटतं. जात नाही.

मनात एकच. ती गेलेली असू दे. बस पकडून गेलेली असू दे. म्हणजे मी बरोबर, आणि तो तेव्हाही बरोबर. किंवा नसू दे गेलेली. म्हणजे निदान तिला विचारता येईल.

पकड सापडली.

•

यामिनी खिंडीत होती. वाऱ्याच्या आडोशाला दगडाला टेकून, पाय पसरून, मी सकाळी केलेलं चटणीचं सँडविच खात होती.

‘किती वेळ. मला वाटलं परत फिरलात की काय.’

‘तू परत येणार होतीस ना?’ मी विचारलं.

‘मी? कशाला? मी इथून ओरडले की, या म्हणून. ऐकलं नाहीत?’

‘तू येते म्हणालीस.’

‘म्हणाले असेन. सवयीनं म्हणतो माणूस.’ तिने माझ्यामागे पाहिलं. ‘निऱ्या कुठंय?’

‘थांबलाय पलीकडे. तुझी वाट बघत.’

‘येडा आहे का तो?’

मग मी तिला सांगितलं. नाशिकचं स्टँड, पायरी, येते, अकोल्याचं स्थळ. उभ्या उभ्या, भराभर, पाढे म्हणावेत तसं. ती चावायची थांबली.

तिचा चेहरा मी नीट बघत होते. सगळ्यात आधी तिला ते आवडलं. ओठांचा एक कोपरा जरासा आत गेला, बस, तेवढंच. न मागता कोणी हातात गजरा ठेवल्यावर बाईचा चेहरा होतो तसा. मग तो कोपरा सरळ झाला.

‘अगं, मी तेव्हा खरंच गेले होते,’ ती म्हणाली. ‘मला नव्हतं करायचं त्याच्याशी लग्न. पण बसच्या पायरीवर उभं राहून जाते कसं म्हणणार? माझ्या आजीनं थोबाड फोडलं असतं.’

‘मग परत आलीस ते?’

‘पेढे द्यायला. माझंही ठरलं होतं. पण त्याच्या आईनं दारातच मला तुमचे पेढे दिले. मग माझे पिशवीतच राहिले. तिथे आपले काय काढायचे.’

‘आणि येते म्हटलं होतं ना, ते?’

यामिनीने हातावरचे कण झटकले. ‘तो असा उभा होता गं. तोंड एवढंसं करून. गंमत केली मी. म्हटलं, बरं वाटेल त्याला.’ थोडं थांबून म्हणाली, ‘मलाही वाटलं असेल.’

‘त्याला बरं नाही वाटलं. तो अजून त्याच दारात उभा आहे.’

‘मग सांग त्याला.’

‘तू सांग. मी सांगितलं तर हेव्यानं सांगितल्यासारखं होईल.’

‘वाटतो का तुला माझा हेवा?’

‘हो.’

‘अजून?’

‘आत्ता सगळ्यात जास्त.’

ती हसली नाही. उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून माझ्यापुढे धरलं. ‘खा. परत पलीकडे जायचंय तुला.’

मी घेतलं नाही.

•

परत जाताना सुळका उलटा येतो. ज्या हाताने धरलं होतं त्याने सोडायचं. उघड्यावरच्या त्या जागेच्या अलीकडे थांबले आणि हाक मारली, ‘निरंजन.’ नावाचा मागचा अर्धा भाग वाऱ्याने नेला असावा.

‘आलीस?’

तो आवाज मी ओळखला नाही. त्याच्या तरुणपणचा असावा.

‘मला माहीत होतं,’ निरंजन ढगातून म्हणाला. ‘शलाका म्हणत होती तू येणार नाहीस.’

दगड हाताखाली गार होता आणि मी त्याला धरून उभी होते.

‘यामिनी?’ तो म्हणाला. ‘शलाका कुठंय? ती तुलाच बघायला गेली. भेटली ना?’

वारा.

‘यामिनी, अगं बोल ना. शलाका भेटली का तुला? कुठंय ती?’

एका कानात ‘आलीस’ होतं आणि एका कानात ‘कुठंय ती’. दोन्ही मी तोलून बघत होते. पहिल्यात आनंद होता आणि दुसऱ्यात धास्ती. कशाचं वजन जास्त हे ठरेना. अजून एकदा त्याने विचारावं असं मला वाटत होतं, म्हणजे ठरेल.

मग बूट घासल्याचा आवाज आला. तो निघाला होता. पकड न चाचपता, माझं नाव घेत, उघड्या बाजूने.

‘हलू नको,’ मी म्हटलं. ‘मीच आहे.’

पलीकडे बूट थांबले.

‘उजवा हात वर कर. कानाच्या बाजूला खाच आहे. मिळाली?’

‘हो.’

‘आता डावा पाय. बघू नको खाली. अजून. अजून थोडा. ठेव.’

तो आला. माझ्या हातभर अंतरावर त्याचा चेहरा होता, भिजलेला. तो माझ्या खांद्याकडे बघत होता.

‘ती आहे खिंडीत,’ मी म्हटलं. ‘खातेय.’

•

पुढे वाट रुंद होती. स्नोडनच्या अलीकडून वळून आम्ही पिग ट्रॅक नावाच्या पायवाटेने उतरलो. बोलणं झालं ते दगडांपुरतं. हा हलतोय. इथे ओलं आहे. मी पुढे होते.

गाडीतळावर पोचलो तेव्हा बस उभीच होती. निरंजनने तिची सॅक उचलून पायरीवर ठेवली. ड्रायव्हर काच पुसत होता, त्याला घाई नव्हती.

‘परत कधी आता?’ निरंजनने विचारलं.

यामिनी पायरीवर चढली आणि वळली. ‘चला. जाते मी.’

‘जाते काय म्हणतेस? येते म्हण,’ निरंजन म्हणाला. विचार करून नाही. आपल्याकडे कोणीही म्हणेल तसं, शिंकल्यावर म्हणतात तसं.

‘नाही रे. जाते.’ ती त्याच्याकडे सरळ बघत होती. ‘तेव्हाही जातेच म्हणायचं होतं. आजीला घाबरले.’

मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘शलाका, चटणी छान होती.’

दार बंद झालं. निरंजन हात अर्धवट वर करून उभा होता. बस वळणावरून खाली गेली, दिसेनाशी झाली, परत खालच्या वळणावर दिसली, आणि मग नाही.

मला तिचा हेवा वाटला. तेव्हा, तिथे, सगळं मिळाल्यावर. तिने एका शब्दात माझं घर मला परत दिलं होतं, आणि तरी वाटला. जाते म्हणायला आधी कोणीतरी आपली तशी वाट बघितलेली असावी लागते.

‘तू तिला सांगितलंस,’ निरंजन म्हणाला.

‘हो.’

‘सगळं?’

‘मला जेवढं माहीत होतं तेवढं.’

त्याने मान हलवली. गाडीचं मागचं दार उघडून तो काठावर बसला आणि बुटांशी वाकला. मी माझे बूट काढले, मोजे पिळले, थर्मासमधला उरलेला चहा ओतला. तो अजून वाकलेलाच होता.

‘सुटत नाहीयेत,’ तो म्हणाला. ‘बोटं लागत नाहीयेत.’

त्याची बोटं पांढरी पडली होती, पेरापर्यंत. नाड्या भिजून गाठी आवळल्या होत्या.

मी त्याच्यापुढे खडीवर गुडघे टेकले.

‘राहू दे, करतो मी,’ तो म्हणाला.

‘गप बस.’

पहिली गाठ सुटेना. नखाने सुटली नाही, मग दाताने ओढली. तोंडात चिखल आला. त्या दिवसाला पुष्कळ वर्षं झाली, पण ती चव अजून आहे. बोटं त्याची तिची वाट बघून गारठली होती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. पण त्या नाड्या मी दुसऱ्या कोणाला सोडू दिल्या नसत्या.